सल्ला : आर्मीत नर्सिंग असिस्टंट व्हायचंय, पण तिथं नेमकं काय होणार?

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून १९ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. बारावी सायन्सला त्याला ५९ टक्के पडले. जीवशास्त्र ७१, इंग्रजी ६२, रसायनशास्त्र ५५ आणि भौतिकशास्त्र ३८. 'नीट' दोनदा दिली, जमली नाही. आठ महिन्यांपासून आजी अंथरुणाला खिळून आहे आणि तिचं सगळं तोच करतो. त्याला त्याची किळस वाटत नाही, उलट हे काम आपल्याला जमतं असं त्याला वाटतं. तालुक्याच्या गावातल्या एका अकॅडमीनं सांगितलं आहे की आर्मीत नर्सिंग असिस्टंट म्हणजे हॉस्पिटलमधली नोकरी, बंदूक-सीमा काही नाही, आणि रिटायर झाल्यावर कुठंही नर्स म्हणून काम करता येतं. फी ८५ हजार, त्यात 'मेडिकल पास करून देण्याची' हमी. दुसरीकडे शेजारच्या जिल्ह्यात जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला, प्रवेश मिळतो आहे. आई म्हणते, सियाचीनला पाठवतील. चुलते म्हणतात, वॉर्डबॉय होण्यासाठी सायन्स घेतलंस का? मित्र म्हणतात, चार वर्षांत अग्निवीरासारखं घरी यावं लागेल. धाकटी बहीण अकरावीत आहे, तिलाही सैन्याच्या हॉस्पिटलात जायचं आहे. आजीच्या माकडहाडापाशी हल्ली लालसर डाग दिसतो, असंही त्यानं जाता जाता लिहिलं आहे.

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्रात एक आकडा आहे, ज्याकडे तुझं, घरच्यांचं आणि मुख्य म्हणजे अकॅडमीचं लक्ष गेलेलं नाही. भौतिकशास्त्रात ३८. आर्मीच्या नर्सिंग असिस्टंट पदासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, एकूण किमान ५० टक्के लागतात आणि शिवाय प्रत्येक विषयात किमान ४० लागतात. आपल्या बोर्डाचं पासिंग ३५ ला असल्यामुळे 'पास आहे म्हणजे झालं' असं मुलं धरून चालतात. तसं नाही. आजच्या गुणपत्रिकेवर तू फॉर्म भरलास, परीक्षा दिलीस, धावलास, मेडिकलही झालं, तरी कागदपत्रं तपासायच्या टेबलावरून तुला परत पाठवतील. दोन गुणांसाठी.

यावर उपाय आहे. बोर्डाच्या श्रेणीसुधार योजनेतून पुन्हा परीक्षा देता येते. फॉर्म तुझ्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयातूनच भरला जातो. संधी मोजक्या असतात, तेव्हा त्याच टेबलावर विचारून घे की तुझ्या किती उरल्या आहेत. सैन्यभरतीचा फॉर्म भरताना सुधारित गुणपत्रिका हातात असायला हवी, 'निकाल लागायचा आहे' हे तिथं चालत नाही. या पदासाठी वयाची अट साडेसतरा ते २३ असल्यामुळे तुझ्याकडे वेळ आहे. पण ज्या अकॅडमीनं ८५ हजार मागताना गुणपत्रिका पाहिली नाही, ती तुझं काय भलं करणार, हे तूच ठरव. 'मेडिकल पास करून देतो' म्हणणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नकोस. ती तपासणी लष्करी डॉक्टर करतात आणि तिथं कुणाचा हात पोचत नाही. असे लोक शंभर जणांकडून पैसे घेतात. त्यातले जे स्वतःच्या अंगानं पास होतात, त्यांचं श्रेय घेतात आणि उरलेल्यांना 'पुढच्या वेळी बघू' सांगतात.

आता मोठ्या प्रश्नाकडे येऊ.

नर्सिंग असिस्टंट म्हणजे हॉस्पिटलची नोकरी, हे अर्धं खरं आहे. भरती होते ती सैनिक म्हणून, आर्मी मेडिकल कोअरमध्ये. या कोअरचं केंद्र लखनौला आहे. तिथं आधी इतर कुठल्याही रंगरुटासारखंच प्रशिक्षण होतं : पहाटेची पीटी, ड्रिल, रायफल उघडणं-जोडणं-चालवणं, पाठीवर वजन घेऊन चालणं. त्यानंतर शरीररचना, प्रथमोपचार, नर्सिंगची कामं, औषधांची तोंडओळख असं तांत्रिक शिक्षण आणि मग लष्करी हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रत्यक्ष काम. 'बंदूक नाही' हे तर साफ खोटं आहे. जिनिव्हा करारानुसार वैद्यकीय सैनिकाला स्वतःच्या आणि आपल्या ताब्यातल्या जखमींच्या रक्षणासाठी हत्यार बाळगता येतं, आणि त्याला ते चालवताही आलं पाहिजे.

नेमणुका आलटून पालटून होतात. कधी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलसारखं मोठं ठिकाण, जिथं तू सर्जिकल वॉर्डात किंवा आयसीयूत पाळ्या करशील. कधी फील्ड हॉस्पिटल, म्हणजे तंबूत किंवा बंकरमध्ये उभं राहणारं आणि गरज पडली की गाड्यांवर चढवून हलणारं. आग्र्याच्या ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलनं फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपात इस्केन्देरून इथं जाऊन असंच हॉस्पिटल थाटलं होतं. याच युनिटच्या १२ जणांनी मार्च १९५१ मध्ये कोरियात छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उड्या घेतल्या होत्या. आणि तिसरी नेमणूक पलटणीत, रेजिमेंटल एड पोस्टवर, म्हणजे पलटणीच्या छोट्या दवाखान्यात. तिथं एक डॉक्टर आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके नर्सिंग असिस्टंट. शांततेच्या ठिकाणी त्याच जागेला एमआय रूम म्हणतात. सकाळी सिक रिपोर्टला जवान येतात, कुणाचा पाय मुरगळलेला, कुणाला ताप, कुणाला त्या दिवशीची पीटी नको असते. ताप मोजायचा, नाडी-बीपी घ्यायचं, डॉक्टरांपुढे उभं करायचं, औषध द्यायचं आणि रजिस्टर अचूक भरायचं. ओळखीचा हवालदार 'दोन दिवस एक्सक्यूज (कामातून सूट) लिही' म्हणून खांद्यावर हात टाकतो, तेव्हा नाही म्हणायची तयारी लागते. तो निर्णय डॉक्टरांचा असतो. आणि ज्याच्या आजाराबद्दल तुला कळलं, त्याबद्दल मेसमध्ये तोंड उघडायचं नाही, हेही या कामात येतं.

तुझ्या आईची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. उंचावर नेमणूक होऊ शकते. तिला हे मात्र सांग की कुणालाही थेट वर नेऊन सोडत नाहीत. ९ हजार फुटांच्या वर सैन्याचा ठरलेला क्रम आहे : १२ हजार फुटांपर्यंतच्या पहिल्या टप्प्यात सहा दिवस, त्यापुढे १५ हजारांपर्यंत चार, आणि त्याहून वर आणखी चार. पहिले दोन दिवस जवळजवळ विश्रांती, मग हळू चालणं, मग थोडी चढण. लांब रजेवरून परतलेल्यालाही हवामानाशी पुन्हा जुळवून घ्यावं लागतं, 'मी तर इथलाच' म्हणून चालत नाही. हा क्रम मोडला की फुप्फुसात पाणी भरतं, त्याला तिथं हापो म्हणतात.

हापोची सुरुवात फार साधी असते. वर पोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कोरडा खोकला येतो. बाकीचे चालतात तेवढं चालूनही याला जास्त दम लागतो. रात्री झोपल्यावर त्रास वाढतो. मग बसल्या जागी धाप, ओठ निळसर आणि शेवटी गुलाबी फेस. तरुण, तगडा जवान पहिला खोकला लपवतो, कारण 'कच्चा' म्हणवून घ्यायचं नसतं. म्हणून नर्सिंग असिस्टंटनं संध्याकाळी बंकरमध्ये जाऊन प्रत्येकाला विचारायचं असतं. जेवण गेलं का, डोकं दुखतंय का, खोकला आहे का, पायातले मोजे ओले आहेत का. संशय आला की ऑक्सिजन लावायचा, डॉक्टरांना कळवायचं आणि खाली न्यायची तयारी करायची. हवामानामुळे खाली नेता येत नसेल तर हवेचा दाब वाढवणाऱ्या बंद पिशवीत ठेवतात. पण खरा उपचार खाली उतरवणं हाच. 'सकाळपर्यंत बघू' ही तिथली सगळ्यात घातक चूक.

हिमदंशाचंही तसंच. गोठलेला पाय शेकोटीपाशी धरायचा नाही, चोळायचा नाही, बर्फ तर लावायचाच नाही. ३७ ते ३९ अंश कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा, आणि तोही पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच. एकदा वितळून पुन्हा गोठलेली बोटं बहुधा वाचत नाहीत. मग जखमीला चालवत खाली न्यायचं की आहे तिथंच पाय कोमट पाण्यात वितळवायचा, हा निर्णय कधी कधी वायरलेसवर डॉक्टरांशी बोलून २२ वर्षांच्या मुलाला अमलात आणावा लागतो. ही जबाबदारी तुला हवी आहे का, याचा विचार कर. 'सुरक्षित नोकरी' म्हणून या कामाकडे पाहू नकोस.

आता चुलत्यांचं 'वॉर्डबॉय'. त्यांना वाईट वाटून घेऊन उत्तर देऊ नकोस, कारण ते म्हणतात ती कामंही यात आहेतच. बेडपॅन देणं, अंग पुसणं, चादरी बदलणं, उलटी साफ करणं. पण त्यातलं प्रत्येक काम निरीक्षणाचंही असतं. ऑपरेशन झालेल्या रुग्णाची लघवीची पिशवी रिकामी करताना ती मापात ओतून आकडा लिहायचा असतो. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिली तरी लघवी व्हायला हवी. सलग दोन तास त्याहून कमी आली, तर शरीरात कुठंतरी रक्त किंवा पाणी कमी पडतं आहे. बीपी कोसळण्याआधी हे त्या पिशवीत दिसतं, आणि पिशवीपाशी डॉक्टर नसतात, तू असतोस. जो अंदाजानं '२००' लिहून मोकळा होतो, तो धोका झाकून ठेवतो. तू आजीचं करताना हे कळत-नकळत शिकतोच आहेस. चुलत्यांना हे एकदा समजावून सांग, आणि नाही पटलं तर सोडून दे.

पाण्याचंही एक उदाहरण देतो, कारण हेही या कामात येईल असं कुणी मुलांना सांगत नाही. फौज जिथं मुक्काम करते तिथलं पाणी पिण्याजोगं करणं हे वैद्यकीय माणसांचं काम. त्यासाठी हॉरॉक्सची पेटी वापरतात. तिच्यात सहा पांढरे कप आणि एक काळा कप असतो. काळ्या कपात सपाट एक चमचा, म्हणजे २ ग्रॅम ब्लीचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवून खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि निवळू द्यायचं. पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी भरायचं. मग काळ्या कपातल्या निवळीचा पहिल्यात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत टाकून ढवळायचं आणि अर्धा तास थांबायचं. त्यानंतर प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पहिल्या कपात स्पष्ट निळा रंग दिसेल, तितके चमचे पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते. तिसरा कप निळा झाला, तर तीन चमचे, सहा ग्रॅम. चुका कुठं होतात? डबा उघडा राहून पावडरमधला क्लोरीन उडालेला असतो, अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत रंग बघितला जातो, किंवा फिकट झाकेलाच निळा मानलं जातं. आणि मग अख्ख्या कंपनीला जुलाब लागतात. लढाईत जखमेइतकीच माणसं पोटाच्या आजारानं निकामी होतात, हे सैन्याला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

मित्रांचं अग्निवीरबद्दलचं म्हणणं मात्र या पदाला लागू होत नाही. अलीकडच्या भरत्यांमध्ये नर्सिंग असिस्टंट हे पद नियमित सैनिकाचंच राहिलं आहे, चार वर्षांचं नाही. तरी ज्या वर्षी फॉर्म भरशील त्या वर्षीच्या जाहिरातीत 'रेग्युलर' हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाच. नियमित सैनिकाला १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन लागू होते. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार २१,७०० पासून, त्यावर ५,२०० मिलिटरी सर्व्हिस पे, महागाई भत्ता आणि नेमणुकीप्रमाणे इतर भत्ते. राहणं-जेवण सरकारी. वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक रजा, अर्थात युनिटची गरज पाहून.

यापुढचा मुद्दा या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तुझ्यासारख्या प्रत्येकानं तो वहीत लिहून ठेवावा. 'रिटायर झाल्यावर कुठंही नर्स' हे खरं नाही. महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, आणि ती एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्यालाच मिळते. सैन्यातली नर्सिंग असिस्टंटची वर्षं कितीही असली, हात कितीही सफाईचा असला, तरी त्यातून ही नोंदणी आपोआप होत नाही. वीस वर्षं आयसीयूत काढलेला माणूस बाहेर येऊन खासगी हॉस्पिटलात मदतनीसाच्या पगारावर उभा राहतो, हे दुःख टाळता येण्यासारखं आहे, पण त्याची तयारी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून करावी लागते.

ती कशी? प्रत्येक कोर्सचं, प्रत्येक ट्रेड परीक्षेचं प्रमाणपत्र वेगळ्या फाइलमध्ये ठेव आणि त्याची एक प्रत घरी पाठव. संधी मिळाली की ऑपरेशन थिएटर, रक्तपेढी, प्रयोगशाळा, एक्स-रे अशा एखाद्या शाखेतलं खास प्रशिक्षण घे, कारण अशा कौशल्याला बाहेर नाव असतं. कुठल्या कोर्सला नागरी मान्यता आहे ते कोर्स सुरू होण्यापूर्वीच लेखी विचार. २०२१ च्या कायद्यानं अशा सहायक वैद्यकीय व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आहे, त्यामुळे नोंदणीचे नियम पुढच्या काळात आणखी काटेकोर होतील असं धरून चाल. 'नोकरी करता करता घरबसल्या जीएनएम' अशी जाहिरात दिसली तर लांब राहा. नर्सिंगचं शिक्षण पत्राद्वारे होत नाही आणि तसल्या कागदावर नोंदणी मिळत नाही. निवृत्तीच्या आधी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स असतात, ते सोडू नकोस. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यांमध्ये नर्सिंग असिस्टंटची कंत्राटी पदं निघतात, तिथं तुझा अनुभव थेट मोजला जातो. माजी सैनिकांसाठी सरकारी भरतीत राखीव जागाही आहेत. आणि सेवेतच वर जायचं असेल तर नाईक, हवालदार, सुभेदार या शिडीबरोबरच मेडिकल कोअरच्या नॉन-टेक्निकल शाखेत अधिकारी होण्याची वाटही सेवेतल्या जवानांना आहे. डॉक्टर होण्याची मात्र इथून शिडी नाही. एएफएमसीचं, म्हणजे सैन्याच्या पुण्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाचं, एमबीबीएससुद्धा 'नीट'मधूनच होतं. मनाच्या एका कोपऱ्यात ती आशा असेल, तर ती बाजूला ठेवून निर्णय घे.

मग जीएनएम की आर्मी? आणि तू तिसरा पर्याय धरलेलाच नाहीस. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून तुझी सरासरी साधारण ५५ टक्के येते. बीएस्सी नर्सिंगला या तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, म्हणजे त्याची सीईटी तू देऊ शकतोस. चार वर्षांचा अभ्यासक्रम. जीएनएम तीन वर्षांचं. दोन्हींतून नोंदणीकृत नर्स होता येतं. खासगीत सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, हे खरं. पण एम्ससारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगारच ४४,९०० पासून सुरू होतो. तिथं बीएस्सी झालेल्याला थेट अर्ज करता येतो आणि जीएनएम झालेल्याला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. याची दुसरी बाजू म्हणजे फी, आणि तीन-चार वर्षं घरात पैसा येणार नाही. घरची शेती किती आणि बहिणीच्या शिक्षणाला किती लागेल, हे तू लिहिलेलं नाहीस. तो हिशोब आईबरोबर बसून कागदावर मांड.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आजीबद्दल दीड पान आहे आणि वर्दीबद्दल तीन ओळी. त्या तीन ओळींतही 'पेन्शन' आणि 'हॉस्पिटलची नोकरी' एवढंच आहे. सैनिकाच्या आयुष्याबद्दल, घरापासून लांब राहण्याबद्दल, हुकूम पाळण्याबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस. त्यामुळे माझा कल असा आहे : तुला रुग्णसेवा हवी आहे, सैन्य हा तिथं पोचायचा स्वस्त रस्ता म्हणून दिसतो आहे. तसं असेल तर जीएनएम किंवा बीएस्सी तुला जास्त मानवेल. पण जीएनएमची जागा सोडून हिमालयात जाऊन हेच काम करायची ओढ वाटत असेल, तर भौतिकशास्त्र सुधार आणि जोमानं तयारीला लाग. दोन्ही एकत्र चालवणार असशील, तर एक काळजी घे. जीएनएमला प्रवेश घेताना कॉलेज मूळ कागदपत्रं जमा करून घेतं आणि भरतीच्या वेळी ती परत मिळायला अडचण येते. मधेच सोडल्यास फीचं आणि कागदपत्रांचं काय, हे प्रवेशाच्या दिवशी लेखी घे.

तयारीला लागलास तर अकॅडमीशिवायही बरंच होतं. आता आधी ऑनलाइन परीक्षा असते आणि त्यात पास झालेल्यांनाच रॅलीला, म्हणजे मैदानावरच्या भरतीला, बोलावतात. अजून काही ठिकाणी जुन्या क्रमानं वर्षभर नुसतं पळवतात आणि पुस्तकाला हात लावू देत नाहीत. या पदाच्या परीक्षेत जीवशास्त्र आणि रसायनावर भर असतो, ते तुझं बलस्थान आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, म्हणून ठोकताळ्यानं उत्तरं देऊ नकोस. धावणं १,६०० मीटर, म्हणजे ४०० च्या ट्रॅकचे चार फेरे. साडेपाच मिनिटांचं लक्ष्य ठेवलंस तर एका फेऱ्याला साधारण ८२ सेकंद येतात. बहुतेक मुलं गर्दीच्या रेट्यात पहिला फेरा ७० सेकंदांत मारतात आणि तिसऱ्यात मरगळतात. घड्याळ लावून चारही फेरे सारखे पळायची सवय कर. रोज डांबरी रस्त्यावर पळून नडगी दुखवून घेऊ नकोस, आठवड्यातून चार दिवस मातीवर पुरे. पुल-अप काढताना प्रत्येक वेळी हात पूर्ण सरळ व्हायला हवेत. अर्धे मोजत नाहीत.

मेडिकलला अडणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा आधी कळण्यासारख्या असतात. कानातला मळ, किडलेले दात, गुडघे एकमेकांना लागणं, सपाट तळवे, पायावरच्या फुगलेल्या शिरा, हायड्रोसील, मूळव्याध, रंगांधळेपणा. ग्रामीण रुग्णालयात जाऊन एकदा दाखवून ये. कान साफ करून घेणं पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी मुलं परत पाठवली जातात. गोंदवून घ्यायचा विचार असेल तर सोड. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढ्याच जागी ते चालतं. अनफिट ठरवलं तरी लष्करी हॉस्पिटलात फेरतपासणी मागता येते, तिची मुदत हातात दिलेल्या कागदावर असते, ती चुकवू नकोस. कागदपत्रांत अधिवास, जातीचा दाखला, चारित्र्य प्रमाणपत्र आणि २१ वर्षांच्या आत असल्यास अविवाहित असल्याचा दाखला लागतो. शेवटचे दोन सहा महिन्यांपेक्षा जुने चालत नाहीत. आणि आधार, दहावीची सनद आणि बारावी या तिन्हींवर तुझं, वडिलांचं, आईचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते आजच बघ. तुझ्या जिल्ह्याची भरती कोल्हापूरच्या कार्यालयाकडे येते. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या मुलांनाही तेच कार्यालय लागू आहे.

नौदल आणि हवाई दलातही मेडिकल असिस्टंट असतात. नौदलाचं मूळ प्रशिक्षण ओडिशातल्या चिल्का इथं आणि हवाई दलाचं आपल्या शेजारच्या बेळगावात. हवाई दलाला इंग्रजीत वेगळे ५० टक्के लागतात, तुझे ६२ आहेत. वयोमर्यादा मात्र आर्मीपेक्षा कमी असते, ती जाहिरातीत आधी बघ.

बहिणीसाठी रस्ता वेगळा आहे, आणि खरं सांगायचं तर जास्त चांगला. आर्मीचं नर्सिंग असिस्टंट पद मुलांसाठीच आहे. मुलींसाठी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस आहे : 'नीट'च्या गुणांवर प्रवेश, चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, आणि मग थेट लेफ्टनंट म्हणून कमिशन. पुण्याचं एएफएमसी आणि मुंबईचं आयएनएचएस अश्विनी हे नौदलाचं हॉस्पिटल ही त्यातली दोन कॉलेजं आपल्याच राज्यात आहेत. शिक्षणानंतर ठरावीक वर्षं सेवा करण्याचा बाँड असतो. ती अकरावीत आहे, म्हणजे वेळेवर आहे. भौतिकशास्त्राकडे आत्तापासून लक्ष द्यायला सांग तिला, तुझ्या ३८ वरून.

शेवटी आजी. माकडहाडावरचा तो डाग बोटानं हलका दाबून सोड. बोट काढल्यावर तिथं क्षणभर पांढरं होऊन पुन्हा लाल झालं, तर रक्तप्रवाह अजून ठीक आहे. लालच राहिलं, तर ती बेडसोअरची सुरुवात आहे आणि या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवायला हवं. त्या जागेवर चोळू नकोस, स्पिरिट लावू नकोस, मधे भोक असलेली गोल उशी देऊ नकोस, तिनं कडेचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. दर दोन तासांनी कूस बदल, रात्रीसुद्धा : डावी, पाठ, उजवी. डाग जाईपर्यंत पाठीवर कमीत कमी ठेव. कुशीवर वळवताना पूर्ण नव्वद अंशांत नको, पाठीमागे उशी लावून तिरपं ठेव, म्हणजे खुब्यावर भार येत नाही. सरकवताना ओढू नकोस, दोघांनी चादरीसकट उचला. टाचा पोटऱ्यांखालच्या उशीमुळे अधांतरी राहू देत. आणि भिंतीवर एक कागद लावून प्रत्येक वेळी वेळ आणि कूस लिहीत जा, म्हणजे तू दमून झोपलास तर आईला किंवा बहिणीला पुढची कूस कोणती ते कळेल.